जॉली बॉयच्या पाण्याखाली

अंदमानला जाऊन आलेलं घर पूर्वी शोकेसवरून ओळखू यायचं. सेल्युलर जेलसमोर उभं राहून काढलेला फोटो, त्याशेजारी एखादा मोठा शंख आणि हमखास एक पांढराशुभ्र, फांद्याफांद्यांचा प्रवाळाचा तुकडा. घरी आलेला प्रत्येक पाहुणा तो हातात घेऊन पाहायचा. शोकेसमधलं पांढरं प्रवाळ म्हणजे मेलेलं प्रवाळ, जिवंतपणी ते तपकिरी, हिरवं, जांभळं असतं, हे तेव्हा फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. २००१ साली कठीण प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला, म्हणजे त्यांना वाघाइतकंच संरक्षण मिळालं. आज विमानतळावर कुणाच्या सामानात असा तुकडा सापडला तर तो काढून घेतात आणि प्रकरण गुन्ह्यापर्यंतही जाऊ शकतं. अंदमानच्या प्रवासात तेव्हापासून जे जे बदललं, त्यातला हा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो.

नव्वदच्या दशकात आम्ही मद्रासहून जहाजाने गेलो होतो. तीन दिवस नुसतं पाणी पाहिल्यावर पोर्ट ब्लेअरचा हिरवा किनारा दिसला, तेव्हा डेकवरची सगळी मंडळी कठड्याला येऊन उभी राहिली. मराठी माणसांचा पहिला मुक्काम अर्थातच सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी. समुद्र दुसऱ्या दिवशी. वंडूरच्या धक्क्यावरून लाकडी बोट निघायची आणि खारफुटीने झाकलेल्या बेटांमधून वाट काढत तासाभराने जॉली बॉय बेटाला पोचायची. हा सगळा परिसर १९८३ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. जॉली बॉयला धक्का नाही. मोठी बोट खोल पाण्यात थांबते आणि काचेच्या तळाच्या छोट्या होड्या माणसांना किनाऱ्यावर नेतात.

बरोबरच्या मावश्या-काकू साड्या सावरत त्या होडीत बसल्या आणि त्यांचा समुद्र तेवढाच, काचेच्या चौकटीएवढा. पाण्यात उतरणं हे पुरुषांचं आणि मुलांचं काम, असंच सगळे धरून चालले होते. आम्हाला बोटीवरच्या खलाशाने गुडघाभर पाण्यात उभं केलं, मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळायला लावली म्हणजे वाफ धरत नाही, आणि तोंडाने संथ श्वास घ्यायची सवय होईपर्यंत पुढे सोडलं नाही. मग तो स्वतः पुढे पोहत राहिला. घाई कसलीच नव्हती. एके ठिकाणी थांबून त्याने कानाकडे बोट दाखवलं. पाण्यात बारीक कुरकुर ऐकू येत होती. पोपट मासे प्रवाळाचा खडक दातांनी खरवडत होते. तो खडक त्यांच्या पोटातून पीठ होऊन बाहेर पडतो आणि अशा किनाऱ्यांवरची बरीचशी पांढरी वाळू त्यातूनच तयार होते, हे मी नंतर वाचलं. खाली फांद्यांच्या प्रवाळाची झुडपंच्या झुडपं होती, त्यांत निळ्या माशांचे थवे आत-बाहेर करत होते, आणि एका भल्या मोठ्या शिंपल्याने आमची सावली पडताच आपले निळे-जांभळे ओठ मिटून घेतले.

त्यानंतर त्या समुद्राने बरंच सोसलं. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाने आणि त्सुनामीने दक्षिण अंदमानचा किनारा खचला, तर उत्तरेकडे काही ठिकाणी जमीन वर उचलली जाऊन प्रवाळाचे खडक उघडे पडले आणि उन्हात मेले. २०१० च्या उन्हाळ्यात पाणी तापलं, २०१६ मध्ये पुन्हा तापलं. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. प्रवाळाचं बरंचसं अन्न आणि रंग त्याच्याकडूनच येतो. पाण्याचं तापमान नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने वाढून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ त्या शैवालाला बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पाणी लवकर निवलं तर सावरतं, नाहीतर उपाशी मरतं. पहिला मार बसतो तो फांद्यांच्या नाजूक जातींना. गोल, दगडासारखी वाढणारी प्रवाळं जास्त तग धरतात.

अलीकडे सहकुटुंब गेलो ते विमानाने. हॅवलॉक बेटाचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, आणि पोर्ट ब्लेअरहून तिथवरचं, पूर्वी सरकारी बोटीने अर्धा दिवस खाणारं अंतर आता वेगवान बोटी दीड-दोन तासांत कापतात. तिथून एलिफंट बीचला स्पीडबोट. लाइफ जॅकेट सक्तीचं, ही फार चांगली गोष्ट झाली. त्याहून चांगली म्हणजे साडीतल्या ज्या पिढीला समुद्र काचेतून दिसला, तिच्या लेकी आणि सुना, साठीच्या बायकासुद्धा, आता निर्धास्तपणे पाण्यात तोंड घालतात. पोहता येत नाही म्हणून कुणी मागे राहत नाही. कितीतरी जणींनी मास्क पहिल्यांदा मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच लावलेला असतो. हे पाहून मला मनापासून आनंद झाला.

पण ठरावीक मिनिटं संपली की गाइड तरंगत्या रिंगला धरून असलेल्या माणसाला ओढत परत आणतो. त्यातली निम्मी मिनिटं व्हिडिओत जातात. शेजारी जेट स्की घरघरत असतात, त्यामुळे माशांची कुरकुर ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. खाली मासे आहेत, मुलं 'नेमो, नेमो' म्हणून ओरडतात, गोल प्रवाळंही आहेत. फांद्यांच्या झुडपांच्या जागी मात्र बऱ्याच ठिकाणी राखाडी तुकड्यांचा ढीग दिसतो.

म्हणून जॉली बॉयचा नियम मला पटतो. ते बेट वर्षातले काही महिनेच उघडं असतं, बाकीच्या काळात पर्यटकांना शेजारच्या रेड स्किनला नेतात. माणसांची संख्या मर्यादित आणि प्लास्टिकला पूर्ण मनाई. परवान्यासाठी खटपट करावी लागते म्हणून कुरकुरणारे पर्यटक भेटतात. त्यांचं मला पटत नाही. समुद्राचं तापमान आपण सुट्टीला जाऊन कमी करू शकत नाही, पण तापून अर्धमेल्या झालेल्या प्रवाळावर पाय न देणं तर आपल्या हातात आहे.

तुम्ही जाणार असाल तर पाणी नितळ असतं तेव्हा, जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान जा. एक दिवस जॉली बॉयसाठी राखून ठेवा. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घाला, दमलात तर खडकावर उभं न राहता पाठीवर तरंगा, आणि गाइडला आधीच सांगा की व्हिडिओ नको, तेवढा वेळ आम्हाला पाण्यातच राहू दे.