सोवळ्यातली मराठी

‘लेख बरा आहे, पण एआयकडून लिहून घेतला का?’ असं हल्ली मला विचारतात. राग येतोच. संशय कशामुळे येतो, तेही कळतं.

आमचं कोहिनूर बसवकल्याण तालुक्यातलं. 1956 साली हैदराबाद राज्य मोडलं आणि बीदर जिल्ह्याचा हा भाग म्हैसूरकडे गेला. घरात ‘काय करलालास?’, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी. प्रमाण मराठी भेटली ती पाठ्यपुस्तकांत आणि जुन्या दिवाळी अंकांत. त्यामुळे लिहायला बसलो की मी सोवळं नेसतो. कर्ता जागेवर, क्रियापद शेवटी, ऱ्हस्वदीर्घ दोनदा तपासलेलं.

एआयचा मजकूर ओळखणारी बरीच यंत्रं पुढचा शब्द किती अंदाजातला आहे, हेच मोजतात. 2023 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे 91 टोफेल निबंध अशा सात यंत्रांतून काढले. सरासरी 61 टक्के निबंध यंत्राने लिहिलेले ठरले. अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले. शिकून घेतलेली भाषा लिहिणारा खात्रीच्या शब्दांबाहेर सहसा जात नाही, गुन्हा एवढाच. ओपनएआयने तर आपलं ओळखयंत्र त्याच वर्षी जानेवारीत आणलं आणि अचूकता कमी पडते म्हणून जुलैत गुंडाळलं.

लिहिणारा कोण, हा घोळ आमच्याकडे जुना. बसवेश्वरांच्या वचनात ‘कूडलसंगमदेव’ येतो, नामदेवांच्या अभंगात ‘नामा म्हणे’. मुद्रा म्हणजे सहीच. तरी सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामाचे अभंग नामदेवांच्या गाथेत मिसळलेच, आणि ते निवडताना अभ्यासकांची दमछाक झाली.

एका मित्राचा सल्ला असा, की चार चुका ठेव, गावरान शब्द पेर, कुणी विचारणार नाही. एका परिच्छेदावर करून पाहिलं. ‘तुरीची मळणी झाली’ तिथे ‘तुरीची रास झाली’ केलं. ते राहिलं, कारण आमच्या शिवारात रासच होते. ‘थोडंसं’च्या जागी घातलेलं ‘उलुसं’ मात्र काढलं. तिथे आई बोलत नव्हती, मी बोलत होतो. चुका तर घालवेनातच. ऱ्हस्वदीर्घासाठी लहानपणी छड्या खाल्ल्यात.

संपादकांनी मागितला तर कच्चा खर्डा पाठवतो, खाडाखोडीसकट. यंत्राचे टक्के दाखवून लेख परत करणाऱ्यांना दुसरा लेख पाठवत नाही.