स्लाइड, मींड आणि पेटी

रोलँड या जपानी कंपनीने १९८१ साली बाजारात आणलेल्या टीबी-३०३ या सिंथेसायझरवर, म्हणजे विजेच्या मंडलांतून ध्वनी निर्माण करणाऱ्या वाद्यावर, ‘स्लाइड’ नावाचे एक बटण आहे. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला खर्जातल्या बास गिटारची साथ मिळावी, एवढ्याच माफक हेतूने घडवलेल्या या यंत्रातले ते बटण हिंदुस्थानी संगीतावर पोसलेल्या कानाला प्रथम खुणावते, कारण त्याच्या योगे एक स्वर न तुटता पुढच्या स्वरात घरंगळतो.

यंत्राचे दर्शनी रूप मात्र निराश करणारे आहे. चपटा चंदेरी डबा, चिमटीत मावणारे नॉब आणि पट्ट्यांच्या जागी बसवलेली एका सप्तकाची बटणे, असा सगळा थाट. शिवाय स्वरावली भरताना आधी नुसते स्वर ओळीने द्यायचे आणि त्यांचा काळ मागाहून वेगळा नोंदवायचा, ही रीत स्वर आणि लय एकत्रच शिकणाऱ्याला चमत्कारिक वाटावी. फिल्टरचा, म्हणजे ध्वनीतली वरची कंपने गाळणाऱ्या मंडलाचा, कान पिळला की मात्र हाच घोगरा आवाज चिरकू लागतो आणि पहिली नाराजी मावळते.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून वावरलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली हे यंत्र, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर आणि टीआर-८०८ हे तालयंत्र घेऊन भैरव, ललत, तोडी अशा दहा रागांची तबकडी डिस्कोच्या ठेक्यावर काढली. शिकागोत टीबी-३०३ मधूनच ‘ॲसिड हाउस’ ही नृत्यसंगीताची शैली पुढे काही वर्षांनी निघाली, म्हणून सिंग यांना तिचे जनक ठरवण्याचा उत्साह अनाठायीच होय; त्यांना राग वाजवायचे होते. अर्थात स्लाइड म्हणजे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाण्याची गायकीतली रीत, नव्हे: दोन स्वरांमधले अंतर कितीही असो, यंत्र ते जवळपास ठरावीक काळातच कापते, तर मींडेत तो वेळ गायकाच्या मर्जीवर असतो.

पेटीला, अर्थात हार्मोनियमला, एवढीही घसरण साधत नाही, आणि या युरोपीय वंशाच्या वाद्याने आपल्याकडे जितका राग ओढवून घेतला तितका क्वचितच कोणी घेतला असेल. रवींद्रनाथांना ती खपत नव्हती आणि आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दार बंद ठेवले. त्याच्या कितीतरी आधी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातले स्वर मोजून बावीस श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांचा, हिशेब मांडला होता आणि इंग्रज न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या साह्याने श्रुती-हार्मोनियमही सिद्ध केले होते. खटाटोप विलक्षण होता, तरी त्याने मूळ दुखणे हटले नाही, कारण श्रुती वाढल्या तरी प्रत्येकीची पट्टी सुटीच राहिली. मराठी रंगभूमीने या वादाची फिकीर केली नाही. ‘मानापमान’ या संगीत नाटकाला १९११ साली चाली देणारे गोविंदराव टेंबे साधीच पेटी वाजवत, आणि स्वर भिडवण्याची, भात्याचा दाब हलका-भारी करण्याची अशी काही युक्ती पेटीवाल्यांनी कमावली की नाट्यगृहात बसलेल्याला मींडेची उणीव भासत नसे.