यमनापूरचे मामा

बेळगावचे मामा पुण्याला, आमच्या कसब्यात आले की आमच्याआधी तांबट आळीला कळायचं. ते यमनापूरच्या ॲल्युमिनियम कारखान्यात कामाला होते. कोणीतरी मठारणं थांबवून ओरडायचं, "आले बघा, आमच्या पोटावर पाय देणारे!" मामा तिथेच फतकल मारून बसत, आणि आईसाठी आणलेला कुंदा आळीतच निम्मा होई. खरं तर बंब आणि हंडे मोडीत काढले स्टीलने नि गिझरने, पण बोलणी खायला मामा हाताशी होते.

त्यांचं दुखणं वेगळंच. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं; जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. पुढे कारखान्यात बॉक्साइट यायचं ते त्याच चंदगडच्या डोंगरांतून. मालाच्या ट्रकला सीमा कधी आडवी आली नाही. "माती तिकडची, भट्टी इकडची, पगार माझा. आता मी कुणाचा, ते कोर्टालाच विचार की," मामा म्हणत. दर 1 नोव्हेंबरला ते मराठी लोकांच्या काळ्या दिवसाच्या निषेधफेरीला जात, आणि त्या दिवशीची त्यांची पाळी एक कानडी मित्र सांभाळी. हे ते फेरीत कुणाला सांगत नसत, आम्हाला मात्र कौतुकाने सांगत.

2004 मध्ये हा सीमेचा वाद घेऊन महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मामांना कात्रणांचा नाद लागला. तारीख पडे, पुढची पडे. तोवर उद्यमबागेतल्या फाउंड्र्या वाढल्या, हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनू लागले, शेताडीत वसाहती उठल्या. 2012 मध्ये बेळगावात कर्नाटकाचा सुवर्ण विधानसौध उभा राहिला. धारवाडला जाताना मामा त्या बाजूची खिडकी टाळत. मुलाच्या फाउंड्रीला मिळणाऱ्या ऑर्डरी मात्र मोजत. मला यात कधी ढोंग दिसलं नाही. पोटाला गाव वाढायला हवं होतं, आणि वाढलेलं गाव त्यांना आपल्याच राज्यात हवं होतं.

मामा गेले त्याला आता काही वर्षं झाली. सप्टेंबर 2024 मध्ये पुण्याहून बेळगावमार्गे हुबळीला वंदे भारत सुरू झाली, आणि त्याच महिन्यात आमच्या पेठेखालचं मेट्रो स्टेशनही उघडलं. मामा असते तर घड्याळ लावून आले असते. मी आईला म्हटलं, चल, आता किती लवकर पोचतो. ती म्हणाली, "कुणाकडे?" मामांच्या घराच्या जागी आता इमारत आहे, मामी लेकीकडे असते.

परवा मामेभावाचा फोन आला. लोखंडाचे भाव, विजेचं बिल, मिळत नसलेले कामगार, असं सगळं बोलून झालं. मी कात्रणांचं विचारलं.

"आहेत की ऑफिसात, जीएसटीच्या फायलींखाली," तो म्हणाला. "आणि दादा, तारीख लागली तर कळव हं. तुमच्या पुण्याच्या पेपरात आधी येतं."