परीक्षा आणि पलटा

वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला, अकोल्यातल्या माझ्या तबल्याच्या वर्गात बसायला जागा उरत नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असतात. एरवी सणावारी उगवणारी पोरं रोज येतात, वहीतले बोल घोकतात, टाळी-खाली दाखवताना बोटांवर मात्रा मोजतात. बाहेर गाडीवर बसलेले वडील विचारतात, ‘‘सर, दहावीले मार्क भेटतीन ना?’’ शास्त्रीय कला शिकणाऱ्यांना शासनाने दहावीत वाढीव गुण द्यायला सुरुवात केल्यापासून हा प्रश्न दर हंगामाला येतो. त्यात वावगं काही नाही. पोराच्या हातात तबला द्यायला कुठल्याही बापाला काही तरी निमित्त लागतंच. माझ्या वडिलांना ते सनदेचं लागलं होतं, आताच्या बापांना गुणांचं लागतं.

परीक्षांना नाक मुरडणारे कलावंत मला पुष्कळ भेटले. ‘‘परीक्षा देऊन कुणी वादक होतो का?’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. होत नाही, हे मलाही मान्य आहे. पण परीक्षा नसती तर वऱ्हाडातल्या सामान्य घरातल्या मुलाच्या हातात तबला आला असता का, याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं. अकोला-अमरावतीकडे ना दरबार होता, ना कुणा घराण्याची गादी. इथे शास्त्रोक्त संगीत घरोघर पोचलं ते छापील अभ्यासक्रमाच्या पाठीवर बसून.

त्याची सुरुवात इथून फार लांब, लाहोरला झाली. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर लहानपणी फटाक्याच्या अपघाताने दृष्टीला पारखे होत गेले. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गायन शिकले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाच्या मर्जीवर चालणारी विद्या त्यांनी फी, वेळापत्रक, वर्ग आणि पाठ्यपुस्तकं यांच्या हवाली केली. गाणं म्हणजे नादाला लागणं, असं समजणाऱ्या पांढरपेशांना त्यांनी मुलंच नव्हे, मुलीही वर्गात पाठवायला लावल्या. शिकवणारे तयार व्हावेत म्हणून वेगळा उपदेशक वर्ग चालवला. पुढे मुंबईला शाखा निघाली, इमारत उभी राहिली, इमारतीबरोबर कर्जही उभं राहिलं आणि शेवटी त्या वास्तूचा लिलाव झाला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी बुवा मिरजेत गेले, तेव्हा त्यांच्या स्वप्नाची इमारत त्यांच्या नावावर नव्हती.

पण त्याच वर्षी अहमदाबादेत त्यांचे शिष्य जमले आणि त्यांनी मंडळ स्थापन केलं. विनायकबुवा पटवर्धनांनी पुढच्याच वर्षी पुण्यात विद्यालय काढलं. विनयचंद्र मौद्गल्यांनी १९३९ मध्ये दिल्लीत काढलं. ज्या गावात कुणी बुवांचा शिष्य किंवा शिष्याचा शिष्य पोचला, तिथे एक खोली, एक पेटी आणि एक तबलाजोडी यांवर वर्ग सुरू झाला. इमारत गेली आणि विद्यालय वाढलं. मंडळाच्या इतिहासातला हा भाग मला सगळ्यात शिकवणारा वाटतो.

आज प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा आहेत, पुढे अलंकार. परीक्षक काय पाहतो? ठेका स्वच्छ आहे का, दुगुन घेताना सम चुकते का, कायदा किती पलट्यांसह वाजतो, तिहाई समेवर पडते का, लिपीत लिहिता येतं का. हे सगळं तपासता येतं, म्हणून ते परीक्षेत आहे. तपासता न येणारं बाहेर राहतं, आणि वादकाचं आयुष्य नेमकं तिथे जातं.

उदाहरणच द्यायचं तर आमच्याकडे पोराला सगळ्यात आधी मिळतो तो दिल्लीचा कायदा: धाधा तिट धाधा तिंना, ताता तिट धाधा धिंना. आठ मात्रांचा जीव. त्याचा एक सरळ पलटा असा होतो: धाधा तिट धाधा तिट धाधा तिट धाधा तिंना, आणि मग खालीला ताता तिट ताता तिट धाधा तिट धाधा धिंना. सोळा मात्रा, तीनतालाचं एक आवर्तन. नियम कडक आहे. कायद्यात आलेले बोलच वापरायचे, बाहेरचा एकही आणायचा नाही. भरीत जे वाजलं त्याचंच खालीत रूप दाखवायचं. शेवट ठरलेल्या बोलांवरच करायचा. एवढ्या कुंपणात किती फिरता येतं ते पाहणं, हाच कायद्याचा खेळ.

परीक्षेला जाणारा मुलगा काय करतो? चार पलटे पाठ करतो. वाजवतोही बिनचूक. आता त्यालाच सांगा, ‘‘पाचवा तू कर.’’ हात थांबतो. नियम त्याला तोंडपाठ असतो, पण नियमातून काही निघू शकतं यावर त्याचा विश्वास बसलेला नसतो. हा विश्वास वर्गात देता येतो का, हाच माझ्या धंद्यातला खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचं दुसरं टोक मला भलतीकडे सापडलं. माझा एक विद्यार्थी इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि सुट्टीत जॅझ घेऊन परतला. त्याने मला जेमी एबरसोल्ड यांच्या रेकॉर्डी ऐकवल्या. अमेरिकेतल्या या शिक्षकाने १९६७ पासून अशा तबकड्या काढल्या की त्यांत पियानो, बास आणि ड्रम वाजतात, मुख्य वादकाची जागा मात्र मोकळी. ती तुम्ही भरायची. एका कानात बास, दुसऱ्यात पियानो. ज्याला बास शिकायचा त्याने तो कान बंद करून स्वतः वाजवायचं. मी ऐकलं आणि म्हटलं, ‘‘अरे, हा तर आपला लेहरा!’’ पेटीवर नगमा फिरत राहतो आणि तबलजी त्याच्यावर आपलं काम करतो, तीच सोय. जॅझचं पुष्कळसं गाणं बत्तीस मापांच्या चक्रात फिरतं. आपण कुठे आहोत हे प्रत्येकाला न मोजता कळलं पाहिजे, आणि ते कळत असेल तरच सुटायचं. तीनतालात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

मग मी जॅझच्या शाळांचा इतिहास शोधून वाचला. तो वाचताना लाहोर पुनःपुन्हा आठवलं. जॅझ हे रात्रीच्या क्लबांमधलं, दारूच्या गुत्त्यांमधलं संगीत मानलं जाई. बोस्टनला लॉरेन्स बर्क यांनी १९४५ मध्ये शाळा काढली, तीच पुढे बर्कली. टेक्सासमधल्या डेंटनच्या कॉलेजने १९४७ मध्ये पदवी अभ्यासक्रम सुरू केला, पण कागदावर जॅझ लिहायची छाती झाली नाही. विषयाचं नाव ठेवलं ‘डान्स बँड’. घरंदाजांच्या मुलांसाठी गाण्याला आधी सोवळं नेसवावं लागतं, ही गोष्ट पलुस्करांनाही ठाऊक होती. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या जॅझ शिक्षकांनी आपली संघटना बांधली. ती वाढत जाऊन आंतरराष्ट्रीय झाली, तिच्या वार्षिक संमेलनांना हजारो माणसं येऊ लागली. जानेवारी २००८ मध्ये टोरांटोचं संमेलन भरलं, अपेक्षेइतके लोक आले नाहीत, आणि त्याच एप्रिलमध्ये चाळीस वर्षांच्या संघटनेने दिवाळखोरी जाहीर केली. पण त्याच वर्षी ‘जॅझ एज्युकेशन नेटवर्क’ नावाची नवी संघटना उभी राहिली. शाळाशाळांतले बँड एक दिवसही बंद पडले नव्हते. त्यांनाच पुन्हा एकत्र यायची गरज वाटली.

आपल्याकडे जॅझचं शिक्षण उलट्या दिशेने झालं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवत, हातात व्हायोलिन देत. ती मुलं मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांत आणि फिल्म स्टुडिओंत आली. चिक चॉकलेट म्हणून गाजलेले आंतोनिओ झेवियर वाझ, फ्रँक फर्नांड ही त्यांतली नावं. कागद वाचणं ते चर्चमध्ये शिकले आणि कागद सोडणं रात्रीच्या बँडमध्ये एकमेकांच्या शेजारी बसून. १९७८ मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जॅझ यात्रा भरवली तेव्हा मोठा महोत्सव मिळाला, पण गावोगाव वर्ग काही निघाले नाहीत. महोत्सव कान तयार करतो. हात तयार व्हायला आठवड्याची बैठक लागते.

आणि ती बैठक वऱ्हाडात होती. कुणी तिला संगीतशिक्षण म्हटलं नाही, एवढंच.

यावलीत ३० एप्रिल १९०९ रोजी जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव निघाल्या. सायंकाळी सामुदायिक प्रार्थना, मग भजन, आणि भजनाला खंजिरी. डाव्या हातात धरायचं, उजव्याने वाजवायचं असं लहानसं वाद्य. कातड्याचा ठोका आणि झांजांचा झणत्कार एकाच हालचालीत. महाराज १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले तेव्हाही खंजिरी बरोबर होती. त्या मंडळाचा हेतू ग्रामसेवा, व्यसनमुक्ती, प्रार्थना असा होता. लय ही त्याची वाट होती. आज अकोट भागातले सत्यपाल महाराज एकटे सात खंजिऱ्यांवर प्रबोधन करतात, ते याच वाटेवरून.

आणि गाडगेबाबा. शेंडगावात जन्मलेल्या, अमरावतीजवळ वलगावच्या रस्त्यावर १९५६ मध्ये देह ठेवलेल्या या माणसाचं कीर्तन लिहिलेलं नसे. बाबा समोरच्यांना प्रश्न विचारत, उत्तर येई, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे, मध्येच नामाचा गजर, पुन्हा प्रश्न. बोलण्याची अशी सवाल-जवाबाची रचना ऐन वेळी उभी करायला केवढी लय अंगात लागते, हे साथीला बसलेल्यालाच कळेल.

माझ्या वर्गात खेड्यातून येणारी काही मुलं अशा मंडळांतून आलेली असतात, आणि ती ओळखू येतात. तिवसा भागातला एक मुलगा प्रवेशिकेला बसायचा होता. कायदा त्याला नीट येत नव्हता, लिपी तर अजिबात नाही. पण मी पेटीवर केरव्याच्या अंगाने एक चाल धरली तसा त्याचा हात आपोआप मोकळा झाला. शब्द जिथे थांबत तिथे तो लग्गी भरत होता, गाणारा श्वास घेईल तिथे जागा सोडत होता. ‘‘हे कुठं शिकला?’’ मी विचारलं. ‘‘शिकलो कुठं जी, मंडळात बसत होतो नं.’’ शहरातल्या ज्या मुलीचे चारही पलटे बिनचूक होते, ती शेजारी बसून हे पाहत होती. दोघांकडे अर्धी-अर्धी विद्या होती. मला वाटतं, माझं काम त्या दोघांना एका सतरंजीवर बसवणं हेच आहे.

म्हणून महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आमच्याकडे बैठक होते. नियम थोडे आहेत. वही उघडायची नाही. पेटीवर लेहरा माणसानेच धरायचा, मोबाइलने नाही, कारण मोबाइल ऐकत नाही. प्रत्येकाने एकच कायदा घ्यायचा आणि आधीच्याने जो पलटा वाजवला त्यातला एक तुकडा उचलून आपला पलटा करायचा. सुरुवातीला पोरं घाबरतात. सम हातातून निसटते, कुणी तरी हसतं. मग दुसरा कुणी ठेक्यावर टाळी देऊन त्याला सावरतो. असं सावरलेलं पोर पुढच्या वेळी जास्त लांब जातं. खंजिरीवाला तिवशाचा मुलगा आता कायदा लिहून दाखवतो, आणि ती शहरातली मुलगी भजनाला साथ करते. तिचा पाचवा पलटा मी ऐकला आहे.

पलुस्करांची इमारत, टोरांटोचं संमेलन, मोझरीची मंडळं हे सगळं एकत्र ठेवून पाहिलं की मला एक दिसतं. उत्स्फूर्त संगीताची संस्था मध्यवर्ती कचेरीत मोठी होत नाही. ती जगते तिच्या काठाला, जिथे चार माणसं आठवड्याला एकमेकांचं ऐकायला बसतात. कचेरीचं काम अभ्यासक्रम, लिपी, सनद आणि ओळख देण्याचं, आणि ते काम लहान नाही; त्याशिवाय मी तबला शिकलोच नसतो. पण संस्थेवर आपत्ती येते तेव्हा तिला पुन्हा उभं करतात ते काठावरचे लोकच.

परीक्षा केंद्र चालवणाऱ्या माझ्या मित्रांना मी एक सुचवत असतो. परीक्षेच्या दिवशी दूरदूरच्या गावांहून मुलं येतात, आपापला क्रमांक आला की वाजवतात आणि निघून जातात. एकमेकांचं कुणी ऐकत नाही. त्याच दिवशी संध्याकाळी, परीक्षक रिकामे झाले की सगळ्यांना एका खोलीत बसवावं, एकाने पेटी धरावी आणि बाकीच्यांनी आळीपाळीने वाजवावं. अमरावतीच्या एका मित्राने विचारलं, याला किती गुण ठेवायचे? मी म्हटलं, एकही नको. गुण ठेवले की पोरं तेही पाठ करून येतील.