ह्यूगं म्हणजे मोकळी मांडी

"अगं बाई!" एवढंच माझ्या तोंडून निघालं, पण ते इतक्या मोठ्यानं की लेकीनं पटकन माझा हात दाबला.

कोपनहेगनमधली डिसेंबरातली दुपार, साडेबाराची वेळ, पारा शून्याखाली दोन अंश. नातीच्या पाळणाघराच्या अंगणात एक लाकडी पडवी आहे, तीन बाजूंनी बंद, समोरून उघडी. तिच्यात नऊ बाबागाड्या ओळीनं उभ्या होत्या. मला वाटलं, रिकाम्याच असणार. जवळ जाऊन बघते तो प्रत्येकीत एकेक मूल! लोकरीची टोपी, हनुवटीपर्यंत दुलई, छातीवर पट्टा, आणि बाहेर काय दिसतंय तर फक्त लालचुटुक नाक. नऊच्या नऊ गाढ झोपलेली. त्यातली तिसरी माझी नात. तेरा महिन्यांची. पुण्यात पंखा दोनवर असला तरी जिच्यासाठी मी कानटोपी शोधत फिरले असते, ती!

"आई, इथं बाळं बाहेरच झोपतात," लेक म्हणाली. "पारा फारच उतरला, उणे 10च्या आसपास गेला, तरच आत घेतात." मी काही बोलले नाही. खिडकीपाशी खुर्ची ओढली आणि पहारा देत बसले. थोड्या थोड्या वेळानं आतून एक बाई यायची, प्रत्येक गाडीत डोकवायची, मानेमागे बोट घालून अंग गरम आहे ना बघायची आणि जायची. घरी चाळीस मिनिटांत कुरकुरत उठणारी माझी नात त्या दिवशी दोन तास झोपली. उठली ती हसत.

आता सांगते, मी एवढी का चक्रावले. मी स्वतः बावीस वर्षं पुण्यात पाळणाघर चालवतेय. मुलांमधलं मला आता कोणी काही शिकवू नये, अशी माझी पक्की समजूत होती. लेकीची बाळंतपणाची रजा संपत आली म्हणून हाताशी मदतीला गेले आणि तीन महिने विद्यार्थिनी होऊन बसले!

सुरुवात शब्दांपासूनच झाली. तीन वर्षांपर्यंतची मुलं जिथं जातात त्याला तिथं 'वुगेस्टू' म्हणतात. 'वुगे' म्हणजे पाळणा, 'स्टू' म्हणजे खोली. अहो, हे तर शब्दाला शब्द आपलं पाळणाघर! तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं 'बॉर्नेहेवे', म्हणजे मुलांची बाग. आपली बालवाडी! नारळी-पोफळीची असते तशी मुलांची वाडी. त्या रात्री मला आनंदानं झोप येईना. दोन भाषा, दोन टोकं, आणि मुलांसाठी सुचलेली नावं मात्र सारखीच.

मग तो प्रसिद्ध डॅनिश शब्द, ह्यूगं. म्हणजे उबदार, निवांत सोबत. तो मी आधी वाचला होता. 2016च्या सुमारास त्यावर इंग्रजी पुस्तकांची लाटच आली. ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या त्या वर्षीच्या निवडक शब्दांतही तो होता. मग दुकानांनी लोकरी मोजे आणि सुगंधी मेणबत्त्यांवर तो चिकटवून विकायला काढला. त्यामुळे ह्यूगं म्हणजे पैसेवाल्यांच्या दिवाणखान्यातली सजावट, असं माझ्या डोक्यात बसलेलं. उच्चारही मी 'हायगे' करायचे. लेकीनं शिकवलं: ओठ 'ऊ' म्हणताना करतो तसे गोल करायचे आणि आतून 'ई' म्हणायचं. मला ते जमेपर्यंत जावई हसून बेजार.

पण खरा अर्थ कळला तो वुगेस्टूत. तिथं मूल घातलं की पहिल्या दिवशी सोडून यायचं नाही. पहिल्या दिवशी आई आणि मूल मिळून तासभर जातात. दुसऱ्या दिवशी आई कोपऱ्यात बसून राहते. मग एक दिवस मुलाला सांगून, हो, चक्क सांगून, वीस मिनिटं बाहेर जाते आणि परत येते. मग तास, मग दुपारची झोप. लेकीला यात जवळजवळ दोन आठवडे लागले. या सगळ्याला ते 'इनकोरिंग' म्हणतात. गाडीच्या नव्या इंजिनालाही हाच शब्द. आठवतं का, पूर्वी नव्या कोऱ्या फियाटच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी चिठ्ठी लावलेली असायची? इंजिन नवं आहे, वेग वाढवू नका, पुढं जायचं तर जा बापडे. इतकी माया आपण गाडीवर केली!

आणि आमच्याकडे? रडणारं मूल दारातच आईच्या कडेवरून घ्यायचं, आईला डोळ्यांनी खुणवायचं, "पळा तुम्ही," आणि मुलाला दाखवायचं, "बघ बघ, चिऊ!" बावीस वर्षांत किती आयांना मी असं पळवलं असेल! चिऊ बघून मान वळवावी तर आई गायब. हे त्या बाळाला कसं वाटत असेल, ते मी साठाव्या वर्षी कोपनहेगनमधल्या एका बुटक्या स्टुलावर बसून पहिल्यांदा मनात आणलं.

त्याच स्टुलावरून मला एक बाई दिसायची. ती रोज जमिनीवर मांडी घालून बसलेली. हातात काही नाही. ना खेळणं, ना तक्ता, ना फोन. पहिले दोन दिवस मी मनात म्हटलं, या बाई काम कधी करतात? तिसऱ्या दिवशी नीट पाहिलं. एक पोर खेळता खेळता आलं, तिच्या मांडीवर टेकलं, अंगठा चोखत अर्धा मिनिट बसलं आणि उठून गेलं. मग दुसरं आलं, त्याच्या हातात ठोकळा. तो त्यानं तिच्या तळहातावर ठेवला, परत घेतला, परत ठेवला. नंतर माझी नात आली. ती त्या मांडीकडे पाठ करून, न बघता, धपकन बसली. जणू तिथं मांडी असणारच! त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. अहो, ती बाई कामच करत होती. तेच तिचं काम होतं. मांडी मोकळी ठेवणं! या कामासाठी तिथं साडेतीन वर्षांची पदवी असते. पदवीवाल्यांना 'पेडागोग' म्हणतात, त्यांच्या जोडीला मदतनीस असतात, आणि मुलं त्या सगळ्यांना नावानंच हाक मारतात.

थंडीचा पोशाख चढवण्याचा कार्यक्रम तर मी रोज तिकीट काढून बघितला असता. 'फ्ल्यूवर्ड्राग्ट', म्हणजे वैमानिकाचा पोशाख. पायापासून गळ्यापर्यंत एकसंध, गुबगुबीत. दोन-अडीच वर्षांची मुलं तो जमिनीवर पसरतात, त्यावर बसतात, आधी एक पाय घालतात, मग दुसरा, मग पहिला बाहेर येतो. हात उलट्या बाहीत जातो. चेन नाकाला लागते. बाजूला बसलेली बाई सगळं बघत असते, पण हात पुढं करत नाही. अगदीच अडलं की चेनचं टोक तेवढं धरून देते. मोजे, बूट, हातमोजे, टोपी मिळून वीस मिनिटं! माझे हात नुसते शिवशिवत होते. आमच्या मावशी असत्या तर दोन मिनिटांत सहा मुलं तयार.

लेकीला म्हटलं, "केवढा वेळ वाया!" तर ती म्हणाली, "आई, हाच तर त्यांचा तास." आणि ते खरंच कायद्यात आहे! 2018 मध्ये डेन्मार्कनं बालसंगोपनाच्या कायद्यातला अभ्यासक्रम नव्यानं मांडला. त्यात व्यक्तिमत्त्व, इतरांशी नातं, भाषा, शरीर आणि हालचाल, निसर्ग, संस्कृती आणि सोबत असे सहा विषय आहेत. पण शिकणं ठरावीक तासाला नाही, तर दिवसभर चालतं: कपडे घालताना, जेवताना, हात धुताना. आणि खेळाला स्वतःचं मोल आहे, तो कशाची तरी तयारी म्हणून खेळायचा नाही. शाळा सुरू होते सहाव्या वर्षाच्या सुमारास, आणि तिचाही पहिला वर्ग 'शून्यावी'. आमच्याकडे अडीच वर्षांच्या मुलाचे आई-बाबा विचारतात, "मॅडम, एबीसीडी कधी घेणार?"

डिसेंबरात तिथं सकाळी साडेआठच्या सुमारास सूर्य उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास बुडतो. या अंधारानंच त्यांना दिव्यांची अक्कल शिकवली असावी. खोलीभर भगभगणारा उजेड नाहीच. टेबलावर खाली लोंबणारा एक दिवा, कोपऱ्यात दुसरा. पोल हेनिंगसेन नावाच्या माणसानं 1920च्या दशकात असे दिवे घडवले की एकाखाली एक झाकणं आणि बल्बचा उजेड थेट डोळ्यांत जातच नाही. ती परंपरा बालगटापर्यंत झिरपलेली दिसते. डिसेंबरात सकाळच्या गोलात एक मेणबत्ती लावतात. तिच्यावर वरून खाली 1 ते 24 आकडे छापलेले असतात. रोज एकच आकडा जळू द्यायचा, मग फुंकायची. चोवीसला नाताळची संध्याकाळ. मोठी मुलं आकडा वितळायची वाट बघत इतकी गप्प बसतात की खोलीत फक्त कुणाचं तरी वाहतं नाक ऐकू येतं. 'थांबणं' शिकवायला मी इतकी वर्षं "हाताची घडी, तोंडावर बोट" वापरलं. यांनी एका मेणबत्तीत भागवलं!

एवढं वाचून वाटेल, तिथं सगळं नंदनवन आहे. तसं नाही, आणि हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. 2019 मध्ये डेन्मार्कमधले आई-बाप मुलांना घेऊन रस्त्यावर उतरले होते. त्यांचा सवाल एकच होता, 'मोठं माणूस कुठं आहे?' मेणबत्त्या होत्या, लाकडी खेळणी होती, पण माणसं कमी पडत होती. त्यातून कायदा झाला. 1 जानेवारी 2024पासून तीन वर्षांखालच्या दर तीन मुलांमागे एक मोठं माणूस आणि त्यावरच्या दर सहा मुलांमागे एक. हा हिशोब नगरपालिकेच्या वर्षाच्या सरासरीवर असतो, म्हणून रोज प्रत्येक खोलीत इतके हात असतातच असं नाही, ही कुरकुर लेकीच्या मैत्रिणींकडून मी ऐकलीच. खर्चातला जास्तीत जास्त चौथा हिस्सा आई-बापांनी भरायचा, बाकीचा सरकारी तिजोरीतून. म्हणजे ह्यूगंला पैसे लागतात, पण ते मेणबत्तीला नाही, मांडीला लागतात.

परतीच्या विमानात मी आमच्या पाळणाघराचा हिशोब मांडला. सव्वीस मुलं, चार बायका. चारांपैकी एक सतत स्वयंपाकघरात. उरलेल्या तिघींच्या किती मांड्या मोकळ्या? उत्तर लिहायला कागद लागला नाही.

आणि गंमत म्हणजे, उघड्या हवेची शाळा मला कोपनहेगनला जाऊन शिकावी लागली! 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्दच तिथला. पुढं कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांबरोबर काम झालं, गुरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरली. शिंपले, बिया, पानं हीच खेळणी. अनुताईंच्या तसबिरीला मी दरवर्षी हार घालते. आमच्या पाळणाघराचं अंगण मात्र पार्किंगला देऊन टाकलं होतं.

आल्या आल्या मी चार गोष्टी केल्या. दुपारच्या खोलीतली ट्यूबलाइट काढून भिंतीकडे तोंड केलेला पिवळा दिवा लावला. रेक्झिनच्या गाद्यांवर प्रत्येकाच्या घरून आलेली, आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी घातली. नव्या मुलाबरोबर आई, बाबा किंवा आजी-आजोबांपैकी कुणीतरी पहिला आठवडा बसायचंच, असा नियम केला. दोन पालक चिडून दुसरीकडे गेले, जाऊ देत. आणि एक मावशी वाढवली. तिला कामाचं सांगितलं ते एवढंच: बस. ती बिचारी पहिले चार दिवस ओशाळून सारखा झाडू हातात घ्यायची. पाचव्या दिवशी आमच्या गटातलं सगळ्यात रडकं पोर येऊन तिच्या मांडीवर झोपलं, आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तिच्या हातातला झाडू कायमचा काढून घेतला. फी दरमहा तीनशेनं वाढली, ती का वाढली हे पालकांना मी मांडीचं गणित मांडूनच सांगितलं. पार्किंगवाल्यालाही नोटीस दिलीय.

तुमचं मूल किंवा नातवंड पाळणाघरात घालायचं असेल, तर एक विनंती. खेळणी किती, कॅमेरे किती, एसी आहे का, हे नंतर विचारा. आधी दारात पाच मिनिटं उभं राहून बघा: तिथलं कुणी मोठं माणूस जमिनीवर बसलंय का, आणि त्याची मांडी मोकळी आहे का.