सर, बोर्ड आया क्या?

ऑक्टोबर 2021 मध्ये ग्रामीण भागातले वरचे वर्ग पुन्हा भरू लागले. दीड वर्षाच्या खंडानंतर मुले वर्गात आली. मी हजेरी घेत होतो, तेवढ्यात सहावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, बोर्ड आया क्या?"

हेडमास्तर दारातच उभे होते. त्यांना वाटले, ही फळ्याबद्दल विचारते आहे. ते म्हणाले, "फळा तर आहे की भिंतीवर!" मुले हसली. मीही हसलो. पण आतून जरा चरकलो. कारण हा बोर्ड सप्टेंबरपर्यंत येणार, असे मीच मुलांना सांगून बसलो होतो.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात, जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकवतो. पहिली ते सातवीचे वर्ग. शिक्षण बी.ए., बी.एड. संगणकाचे रीतसर शिक्षण नाही, पण छंद आहे. पुस्तके समोर ठेवून पायथन नावाची संगणकाची भाषा शिकलो. रात्री जेवण झाल्यावर छोटे छोटे प्रोग्राम लिहितो. बायको म्हणते, "लोगां सिरियल देखते, तुम काली स्क्रीन देखते."

बोर्ड म्हणजे एका पाटीवरचा संगणक. पत्त्याच्या कॅटएवढ्या हिरव्या पाटीवर प्रोसेसर, मेमरी, टीव्ही जोडायची खाच, सगळे बसवलेले असते. पाच व्होल्टवर चालतो, म्हणजे वीज गेली तरी मोबाईलच्या पॉवर बँकेवर निभावून नेता येते. आमच्या गावात याचे मोल काय, ते सांगायला नको. या प्रकाराला घरोघर नेले ते इंग्लंडच्या रास्पबेरी पायने. केंब्रिजच्या एबेन अपटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शाळकरी मुलांच्या हाती प्रोग्राम लिहिता येईल असा स्वस्त संगणक द्यायचा होता. 29 फेब्रुवारी 2012 रोजी 35 डॉलरचा बोर्ड विक्रीला आला आणि पहिल्याच दिवशी विक्रेत्यांची संकेतस्थळे मागणीने कोलमडली.

मग अनेक छोट्या कंपन्या या वाटेला लागल्या. त्यांच्याकडे भांडवल नसते. त्या नमुना दाखवून लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करतात. आपल्याकडे गावजेवणाला किंवा तालमीला वर्गणी काढतात, तशीच ही वर्गणी. फरक इतकाच, की वर्गणी देणारे जगभर पसरलेले आणि एकमेकांना अनोळखी. किकस्टार्टर हे अशा वर्गणीचे मोठे संकेतस्थळ 2009 मध्ये सुरू झाले. 2012 मध्ये त्यांनी स्वतःच बजावले, की हे दुकान नव्हे. पण आगाऊ पैसे देणारा गिऱ्हाईकच असतो मनाने. 2015 साली 'चिप' नावाच्या नऊ डॉलरच्या संगणकासाठी अशी वीस लाख डॉलरहून अधिक वर्गणी जमली. 2018 मध्ये ती कंपनीच बंद पडली. हे मला ठाऊक होते. तरी मार्च 2021 मध्ये मी अशाच एका बोर्डासाठी पैसे भरले. पुण्याच्या मामेभावाच्या कार्डावरून, टपालखर्च धरून साडेचार हजार रुपये. सहा महिन्यांत बोर्ड हातात, असा वायदा होता.

ही ओढ कशासाठी, तेही सांगतो. आमच्या मुलांची उर्दू अक्षरओळख कच्ची राहते. घरात दखनी बोलतात, बाजारात मराठी, पुस्तकात वेगळीच उर्दू. त्यात लिपी अवघड. मराठी अक्षरे शिरोरेषेला शिस्तीत लटकतात. उर्दूची नस्तालीक लिपी उजवीकडून निघते आणि उतारावरून घरंगळल्यासारखी डावीकडे खाली येते. एकच 'बे' शब्दाच्या सुरुवातीला वेगळा, मध्ये वेगळा, शेवटी वेगळा आणि एकटा असला की आणखी वेगळा. म्हणून तर उर्दू वर्तमानपत्रे कितीतरी वर्षे कातिब हाताने लिहीत आणि मग ती छापली जात. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडरूपे काढून 'नूरी नस्तालीक' तयार केली, तेव्हा कुठे 1981 मध्ये ही लिपी संगणकावर नीट उतरली.

माझा प्रोग्राम साधा होता. पडद्यावर चित्र येईल, मूल एकेक अक्षर निवडेल आणि ती अक्षरे डोळ्यांदेखत जुळून शब्द होईल. असे दोन-तीन बोर्ड वर्गात असावेत, हे माझे स्वप्न. सुरुवात एकाने.

सप्टेंबर गेला. कंपनीचे पत्र आले, 'थोडा उशीर होत आहे, लवकरच पाठवू.' डिसेंबरात पुन्हा 'लवकरच'. कोरोनानंतर जगभर चिपांची टंचाई झाली होती, हे खरे. खुद्द रास्पबेरी पायने ऑक्टोबर 2021 मध्ये आपल्या एका बोर्डाची किंमत वाढवली. त्यांच्या इतिहासातली ही पहिलीच वाढ. मोठ्यांची ही गत, तर लहानांना कोण विचारतो?

माझे वडील सोलापुरात टॉवेलच्या पॉवरलूमवर तीस वर्षे होते. त्यांना मी सगळी हकिगत सांगितली. ते म्हणाले, "उचल लेके भागा क्या वो?" मी म्हणालो, "नाही अब्बा, त्याला माल मिळत नाही." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हौ, सूत कम आया तो पहले बडे कारखाने कू जाता. छोटे वाले बैठते." चिपांच्या बाजाराचे इतके सोपे विवेचन मी कुठे वाचलेले नाही. मग त्यांनी पुढचे सांगितले. कामगार उचल घ्यायचा ती वहीत लिहिलेली असायची. फेडायला उशीर झाला तरी तो मालकाच्या समोर असायचा. "मुंह छुपाया तो इज्जत गई. देर हुई तो नहीं जाती."

2022 च्या उन्हाळ्यात तीन महिने कंपनीचे पत्रच आले नाही. एका रात्री मी संतापून लांबलचक पत्र लिहिले. चोर, लबाड, काय काय लिहिले. पाठवले मात्र नाही, सकाळी पाहू म्हटले. सुट्टीनंतर शाळा उघडली होती. ती मुलगी आता सातवीत गेली होती. मी वर्गात पाऊल ठेवले, तशी तिने विचारले, "सर, बोर्ड आया क्या?" आणि माझ्या तोंडून निघून गेले, "आ जाएगा, अगले महीने."

माझ्याजवळ या 'अगले महीने'ला कसलाच आधार नव्हता. केवळ तिचा चेहरा उतरू नये म्हणून मी ते बोललो होतो. ते कंपनीवालेही बहुधा असेच 'लवकरच' लिहीत असतील. मी त्यांच्या 'लवकरच'वर माझे 'लवकरच' रचले होते आणि ते माझ्या विद्यार्थ्यांना विकले होते.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दोन रकाने आखले. एकात मला ठाऊक असलेले लिहिले, दुसऱ्यात ठाऊक नसलेले. पैसे कधी भरले, किती भरले, वायदा कधीचा होता, हे पहिल्यात. बोर्ड कधी येणार, येणार की नाही, हे दुसऱ्यात. मुलांनी शांतपणे वाचले. एकाने विचारले, "सर, आपके पैसे डूब गए क्या?" मी म्हणालो, "हो सकता है." खरे बोलल्यावर छातीवरचे ओझे उतरले.

रात्री संतापाचे पत्र खोडून नवे लिहिले. चारच प्रश्न. कोणता भाग मिळत नाही? किती बोर्ड तयार आहेत? पैसे किती उरले आहेत? पुढचे पत्र कोणत्या तारखेला लिहाल? दहा दिवसांनी उत्तर आले, पहिल्यांदाच मोकळे. विजेचा दाब सांभाळणारी एक चिप मिळत नव्हती. दुसरी वापरायची म्हणून पाटीची आखणी बदलावी लागली. म्हणून नमुने पुन्हा, चाचण्या पुन्हा. मी ते पत्र मुलांना उर्दूत समजावून सांगितले. बोर्ड नसताना बोर्डावरचा तो माझा सर्वांत चांगला तास.

मधल्या काळात मी हात बांधून बसलो नाही. कार्यालयात एक निकामी ठरवलेला संगणक धूळ खात होता. त्यावर लिनक्स टाकून प्रोग्राम लिहायला घेतला. पहिल्यांदा उर्दू अक्षरे सुटी-सुटी आणि उलट्या दिशेने उमटली. अक्षरे जोडण्याचे काम करणारा वेगळा प्रोग्राम लागतो, हे तेव्हा कळले. त्याचे नाव हार्फबझ. आधी मला वाटले, हर्फबाज म्हणजे पतंगबाजासारखा अक्षरांशी खेळणारा कुणी. नंतर समजले, हे फारसी नाव आहे, हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे खुला. दोन्ही अर्थ मला आवडले. त्याच्या मदतीने 'किताब' शब्द पडद्यावर उतरत्या वळणाने जुळला, तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. बायकोला उठवून दाखवला. ती म्हणाली, "अच्छा है. अब सो जाओ."

जून 2023 मध्ये ती मुलगी वडिलांबरोबर दाखला न्यायला आली. आमची शाळा सातवीपर्यंतच. उर्दू हायस्कूल तालुक्याला आहे आणि एसटीची वेळ अवघड. वडिलांनी शेजारच्या गावात मराठी शाळेत नाव घालायचे ठरवले होते. शाळा सुटणार नव्हती, हीच मोठी गोष्ट. पण उर्दू सुटणार होती. दाखल्यावर सही घेताना तिने काही विचारले नाही. तिने विचारले असते तर बरे वाटले असते.

बोर्ड ऑगस्टमध्ये आला. एकोणतीस महिन्यांनी. कस्टम्सचे शुल्क पोस्टमनच्या हाती मोजले आणि पाकीट वर्गातच फोडले. टीव्हीला जोडून प्रोग्राम चालवला. तो तयारच होता. कंपनीवर आता माझा राग नाही. पण त्यांना दोन वर्षे माफ करायला मला अवघड गेले नाही, आणि त्या मुलीची दोन वर्षे मी कुठून परत आणू?

दसऱ्याच्या आधी ती एसटी स्टँडवर दिसली. पाठीला दप्तर, हातात मराठीचे पुस्तक. लांबूनच ओरडली, "सर, बोर्ड आया क्या?"

"आया," मी म्हणालो.

तिने क्षणभर विचार केला. मग म्हणाली, "भाई तीसरी में है मेरा. उसकू बिठाओ पहले."

दुसऱ्या दिवशी मी त्याला पहिला बसवला.