आत्यांनी काढून घेतलेली पोळी

लोणावळ्यात बहुतेक माणसं खायला येतात आणि थोडी खाणं आवरायला. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये स्थापन केलेल्या कैवल्यधामात देशोदेशीचे लोक येऊन मिताहार शिकतात. बाकीचे पावसात कणसं, भजी खातात आणि जाताना चिक्कीचे पुडे घेऊन जातात. आम्ही इथल्याच तुंगार्लीचे. आमच्या घरात या दुसऱ्या गर्दीचा स्वयंपाक व्हायचा.

धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला बंगले उभे राहिले तशी माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, बंगल्यांवर जेवण पोचवायला सुरुवात केली. शनिवारी-रविवारी वीस-पंचवीस माणसांचं चुलीवरचं कोंबडीचं कालवण, तांदळाच्या भाकरी, ठेचा आणि इंद्रायणीचा भात. हा तांदूळ इथलाच. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहरावरून तयार झालेलं ते वाण 1987 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आलं. शिजताना वास सगळ्या आळीत जातो. मी पतपेढीतून सहाला घरी यायची, ती थेट या वासात. आणि पातेल्यात उरलेलं टाकायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. उरलेलं कुणी संपवायचं हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण ते बाईच्याच ताटात पडायचं. डॉक्टर लठ्ठपणाची कारणं सांगताना आनुवंशिकता सांगतात, थायरॉइड सांगतात. हे कारण त्यांच्या कागदावर मला कधी दिसलं नाही.

वजन 112 किलोवर गेलं. साखर वाढली, गुडघे बोलायला लागले. डाएट करून झालं, चालून झालं. उतरलेलं वजन व्याजासकट परत यायचं. शेवटी पुण्यात बॅरिॲट्रिक सर्जरी करायची ठरली. मिस्टरांनी घरच्यांना पटवायला नितीन गडकरींचं उदाहरण दिलं. 2011 मध्ये त्यांनी हे ऑपरेशन करून घेतलं तेव्हा सगळ्या पेपरांत आलं होतं, आणि गडकरी खाण्याचे किती शौकीन हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. आत्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यांच्या घरी ताट उचलायला माणसं असत्याल. हिचं ताट कोण उचलणार? मीच ना?"

माझी एकच अट होती: बाहेर कुणाला सांगायचं नाही. पोट कापून घेतलं म्हटल्यावर गावात काय बोललं जातं ते मी दुसऱ्या एकीच्या बाबतीत ऐकलं होतं. 'खायचं आवरता आलं नाही, म्हणून कापलं.' आत्यांनी मान हलवली.

जून 2018 मध्ये स्लीव्ह पद्धतीचं ऑपरेशन झालं. यात जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात, अरुंद नळी उरते. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे पहिले काही महिने खरी भूक लागतच नाही. जिभेची भूक मात्र जागच्या जागी असते. तिचं ऑपरेशन अजून निघालेलं नाही.

आहारतज्ज्ञ बाईंकडे आत्या माझ्याबरोबर आल्या होत्या. आधी पाण्यासारखं पातळ, मग दाट पातळ, मग मऊ गिचका, मग घट्ट. दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं. जेवताना पाणी नाही, अर्धा तास आधी नाही, अर्धा तास नंतर नाही. बी-12, लोह, कॅल्शियम जन्मभर. आत्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "म्हंजे हिला आता कधीच पोटभर जेवता यायचं न्हाय?" बाई हसल्या. "पोटभरच जेवतील आजी, पोट लवकर भरेल एवढंच."

घरी आल्यावर आत्यांनी ट्रंकेतून चांदीचं बोंडलं काढलं. माझ्या मुलाला त्यातूनच दूध पाजलेलं. औषधाच्या बाटलीचं झाकण घेऊन त्यांनी बोंडल्यात किती झाकणं पाणी मावतं ते मोजलं, डाळीचं पाणी दोनदा फडक्यातून गाळलं आणि भरून माझ्या हातात दिलं. चाळिशी ओलांडलेली बाई आणि हातात बोंडलं! मला रडू येत होतं, आत्या घड्याळाकडे बघत होत्या. "घोट घोट. गिळायची घाई न्हाय." दर पंधरा मिनिटांनी पुढचं बोंडलं. तुंगार्लीतला पाऊस तोवर असा लागला होता, की चार वाजताच दिवे लावावे लागत.

मग आखाड आला. आमच्याकडे आखाड तळतात: तिखटमिठाच्या पुऱ्या, गुळाच्या कापण्या. कणीक गुळाच्या पाण्यात घट्ट भिजवायची, पोळी लाटून वरून खसखस दाबायची, शंकरपाळ्यापेक्षा मोठे तिरपे तुकडे कापायचे आणि मंद तेलात सोडायचे. कडा आधी लाल होतात, मग पोट फुगतं. बाहेर धो-धो पाऊस आणि घरात हा वास. कडक उपवास करणाराही डगमगेल. आत्यांनी त्या वर्षी तळण बंद केलं नाही. त्यांना ते शक्यच नव्हतं, नातवंडं होती, गिऱ्हाइकं होती. त्यांनी चूल मागच्या पडवीत हलवली. पत्र्यावरून पागोळ्या गळताहेत, धूर डोळ्यांत जातोय, आणि या डोक्यावर पोतं घेऊन तिथं तळतायत. मी दार उघडलं की तिथूनच आवाज, "हिकडं काय काम हाय?"

खरा धोका कालवण-भाकरीचा नव्हताच. भाकरीचे दोन घास गेले की छातीत अडकल्यासारखं व्हायचं, इंद्रायणीचा चिकट भात तर दगडासारखा बसायचा. पोट त्यांना स्वतःच हाकलायचं. गोडाला मात्र ते वाट देतं. साखर, गूळ, आइस्क्रीम, दुधात भिजवलेलं काहीही सरसर खाली उतरतं, पोट भरल्याची खूण होतच नाही, आणि वजन परत चढतं ते याच वाटेनं. लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे शिक्षाच. बोरघाटात रेल्वेचा मार्ग खोदत होते, तेव्हा मजुरांना गूळदाणी विकली जायची आणि तीच पुढे चिक्की झाली, असं इथं सांगतात. घाटातून गाडी 1863 मध्ये सुरू झाली. डोंगर फोडणाऱ्यांना ते खाणं शोभत होतं. मी पतपेढीत खुर्चीवर बसून पासबुकं भरणारी. आत्यांनी घरातली सगळी चिक्की लोखंडी कपाटात टाकली आणि किल्ली कनवटीला लावली. मिस्टर म्हणायचे, जगातलं हे एकच घर असेल जिथं दागिने धान्याच्या कोठीत आणि चिक्की कुलपात.

सप्टेंबरात गौरी आल्या. आळीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या होत्या, काही जेवायला बसल्या. नणंद माहेरी आलेली, तिनं कौतुकानं माझ्या ताटात पुरणपोळी वाढली, वर तूप, बाजूला दुधाची वाटी. "वहिनी, सणाची आहे, एकच." मी पोळीचा तुकडा मोडला, दुधात बुडवला. तेवढ्यात आत्या आल्या. एक शब्द न बोलता ताटातली पोळी उचलली, दुधाची वाटी उचलली आणि आत गेल्या. माझ्या हातातला तुकडा मीच खाली ठेवला. पंगतीत कुणी बोललं नाही. नणंदेचं तोंड उतरलं. सणासुदीला सुनेच्या पानातलं काढून घेणारी सासू त्या बायकांनी त्या दिवशी डोळ्यांनी बघितली.

त्याच सुमारास माझे केस गळायला लागले. ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते बऱ्याच जणांचे गळतात आणि पुढं परत येतात. वजन झपाट्यानं उतरत होतं, गालफडं बसली होती. आळीनं दोन आणि दोन चार केले. 'सून वाळली, सासू खाऊ घालत नाही. लोकांच्या बंगल्यावर डबे आणि घरच्या पोरीला उपास.' दळणाच्या गिरणीत आत्यांना तोंडावर कुणीतरी विचारलं. माझ्या आईला खडकाळ्यात फोन गेला, ती रिक्षा करून आली. तिला मी खरं सांगितलं. आत्यांनी बाहेर कुणालाच सांगितलं नाही. जिनं आयुष्यभर अनोळखी माणसालाही चहाशिवाय जाऊ दिलं नाही, तिला गावानं हावरट आणि कद्रू ठरवलं. गिरणीतून आल्या, पिठाचा डबा फळीवर ठेवला आणि मला म्हणाल्या, "पनीर खाल्लंस का? न्हाय तर मूग शिजवते."

वर्षभरात मी 74 किलोवर आले. साखरेची गोळी डॉक्टरांनी बंद केली. पुढं दोन-तीन किलो परत चढले, तेवढे चढतात. आत्या आता थकल्या, बंगल्यांची जेवणं बंद झाली, चूल आखाडापुरती पेटते. मी हे लिहिणार म्हटल्यावर म्हणाल्या, "माझं नाव घालू नको. आणि फोटो तर मुळीच नको." म्हणून नाव घातलेलं नाही, आळीत ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

त्यांच्यासाठीच हे. जून 2018 मध्ये माझं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. आणि गौरीच्या आदल्या रात्री मीच आत्यांचे हात धरून सांगितलं होतं: उद्या चारचौघांत पोळी वाढली तर मला नाही म्हणता येणार नाही, तुम्ही ती माझ्या पानातून उचला.